पुतणीचा पल्सार आणि माझी चूक

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. ऑफिस, घर, पुण्याचं ट्रॅफिक... नेहमीचीच कारणं. पण दिवाळीत गावाकडे एक गोष्ट घडली आणि ती काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून आज बसलो. विषय तसा आकाशातला आहे, पण सुरुवात आमच्या ओसरीवर होते. तेव्हा नातेवाईक मंडळींनी लगेच पान बंद करू नये :)

गाव म्हणजे लोणी भापकर. बारामती तालुक्यातलं, मोरगावच्या बाजूचं. ज्यांना माहीत नाही त्यांना मी मल्लिकार्जुनाच्या देवळाची खूण सांगतो, तिथली पुष्करणी आणि तो दगडी यज्ञवराह. बारामती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ऊस येतो, पण आमचा पट्टा जिरायती. पाण्याच्या नावाने बोंबच. त्यातल्या त्यात एक बरं, की रात्री आकाश अजून बऱ्यापैकी काळं असतं. पुण्यात राहणाऱ्या माणसाला त्याची किंमत कळते.

तर झालं असं, की तीन वर्षांपूर्वी विज्ञान दिनाला गावातल्या शाळेत मला चार शब्द बोलायला बोलावलं होतं. मी काही खगोलशास्त्रज्ञ नाही. कॉलेजात फिजिक्स होतं, पुढे पोटासाठी कॉम्प्युटरकडे वळलो, आकाश बघायचा नाद तेवढा शिल्लक राहिला. एवढ्या भांडवलावर मी पाऊण तास पल्सारवर बोललो. मोठा तारा स्फोट होऊन मरतो, मागे जो गोळा उरतो तो जेमतेम वीसेक किलोमीटर रुंद, म्हणजे आपल्या तालुक्यात आरामात मावेल, पण त्याचं वजन सूर्यापेक्षाही जास्त. तो गरागरा फिरतो. त्याच्या दोन चुंबकीय ध्रुवांतून झोत निघतात, आणि समुद्रावरच्या दीपगृहासारखा तो झोत आपल्यावरून गेला की आपल्या दुर्बिणीत एक ठोका उमटतो. हे पटवायला एका पोराला ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीवर बसवलं, दोन हातांत दोन बॅटऱ्या दिल्या आणि खुर्ची फिरवली. पोरं खूश, सर खूश, मीही खूश. शेवटी कोणीतरी विचारलं, झोतात कसला प्रकाश असतो? मी बिनधास्त सांगून मोकळा झालो, "सगळाच. रेडिओ, साधा उजेड, एक्स-रे, गॅमा. सगळं त्या ध्रुवांतूनच निघतं."

श्रोत्यांत माझी पुतणी होती, तेव्हा सहावीत. हल्ली नववीत आहे. गेल्या वर्षी तिने त्या भाषणावरून एक मॉडेल केलं. थर्माकोलचा गोळा, खेळण्यातली मोटर, दोन टोकांना दोन एलईडी, आणि सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या: रेडिओ, एक्स-रे, गॅमा. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात दुसरा नंबर आला. दादाने ते प्रशस्तिपत्र फ्रेम करून टीव्हीच्या शेजारी लावलंय.

या दिवाळीत पाडव्याच्या संध्याकाळी ती ते मॉडेल माळ्यावरून काढून माझ्यापुढे घेऊन बसली.

"काका, एक विचारू? माझ्या पल्सारमध्ये मी दोन सेल घातलेत. खऱ्यामध्ये काय असतं?"

मी तोंड उघडलं आणि थांबलो.

"म्हणजे तुम्हीच म्हणाला होतात ना, तारा मेलाय, आतलं जळण संपलंय. मग मेल्यावर दिवा कसा जळतो?"

तेवढ्यात वहिनीने फराळाला हाक मारली आणि मी सुटलो. पण खोटं कशाला बोलू, मला उत्तर नीट येत नव्हतं. पुण्याला परत आल्यावर तीन आठवडे रोज रात्री तेच वाचत बसलो. त्यातून दोन गोष्टी हाती लागल्या. एक, तिच्या प्रश्नाचं उत्तर. दुसरी जरा अडचणीची: बक्षीस मिळालेल्या त्या मॉडेलवरची एक चिठ्ठी चुकीच्या जागी होती, आणि ती मी लावली होती.

आधी उत्तर.

आमच्या पिढीला सायकलचा डायनमो आठवत असेल. आप्पांच्या सायकलला होता. अंधार पडला की तो चाकाला टेकवायचा, आत चुंबक फिरायला लागायचा आणि पुढचा दिवा लागायचा. पण त्याच क्षणी पायडल जड व्हायचं. उजेड फुकटचा नव्हता, आप्पांच्या पिंढऱ्यांतून येत होता. पल्सारमध्ये हेच आहे. जळण नाही, सेल नाहीत. एक अफाट ताकदीचा चुंबक फिरतोय, आणि फिरता चुंबक म्हटला की वीज आलीच. आपल्या विहिरीवरच्या मोटरीला चारशे व्होल्ट पुरतात. इथे हिशोब लाख कोटी व्होल्टच्या घरात, आणि तरण्या पल्सारांत त्याच्याही पुढे जातो.

फरक एवढाच, की इथे पायडल मारायला कोणी नाही. त्यामुळे दिवा जळतो तसतसा पल्सार मंदावतो. ही नुसती कल्पना नाही. थॉमस गोल्डने १९६८ मध्येच लिहून ठेवलं होतं, की पल्सार म्हणजे फिरते न्यूट्रॉन तारे असतील तर त्यांचा वेग हळूहळू कमी होताना दिसला पाहिजे. मग वृषभ राशीतल्या क्रॅब तेजोमेघात पल्सार सापडला. १०५४ मध्ये चिनी लोकांनी ज्या ताऱ्याचा स्फोट दिवसाढवळ्या पाहून नोंदवला, त्याचंच हे अवशेष. तो सेकंदाला तीस वेळा फिरतो, आणि एका फेरीला लागणारा वेळ दररोज सुमारे ३६ अब्जांश सेकंदाने वाढतो. वाढ नगण्य वाटते खरी, पण एवढं जड चाक एवढंसं मंदावताना जी ऊर्जा सुटते ती आपल्या सूर्याच्या लाखभर पट भरते. तिचा मोठा वाटा कणांच्या वाऱ्यातून आजूबाजूच्या तेजोमेघाला उजळवतो, आणि काही भाग गॅमा किरणांचे ठोके होऊन आपल्यापर्यंत येतो. हिशोब जुळतो.

म्हणजे पुतणीला सांगायचं उत्तर असं होतं: मेलेल्याचा दिवा त्याच्या गिरकीवर जळतो.

आता चूक.

लहानपणी आम्ही शाळेच्या मैदानावर साखळीचा एक खेळ खेळायचो. एक जण मध्ये उभा, बाकीचे हात धरून एका रांगेत, आणि मधल्याने गोल फिरायचं. मधला जागच्या जागी फिरतो, दुसरा चालतो, चौथा पळतो, आणि टोकाचा बिचारा हात सुटून मातीत लोळतो. सगळ्यांना एक फेरी एकाच वेळात पुरी करायची असते, म्हणून बाहेरच्याला जास्त धावावं लागतं. पल्सारच्या चुंबकाच्या अदृश्य रेषा अशाच त्याच्याबरोबर फिरतात. केंद्रापासून लांब जाऊ तसा वेग वाढत जातो, आणि एक जागा अशी येते की तिथे बरोबर फिरायचं तर प्रकाशाच्या वेगाने पळावं लागेल. त्यापुढे बरोबर फिरणं अशक्य. शास्त्रज्ञ याला प्रकाश-सिलिंडर म्हणतात. मला आपली गावाची शीव आठवते. पल्सारचं राज्य तिथवर, मग साखळी सुटली.

क्रॅब पल्सारची ही शीव त्याच्यापासून साधारण १६०० किलोमीटरवर आहे. गोळा वीस किलोमीटरचा आणि शीव सोळाशेवर! नकाशा काढून पाहिलं, तर आमच्या लोणीपासून लडाखमधलं हानले सरळ रेषेत जवळपास तेवढंच लांब येतं. हानलेचं नाव मुद्दाम घेतोय, पुढे येणार आहे.

आता प्रश्न असा, की पल्सारपासून शिवेपर्यंतच्या एवढ्या मोठ्या रानात गॅमा किरण नक्की कुठे जन्मतात?

गोल्डराइश आणि जुलियन या दोघांनी १९६९ मध्ये एक गोष्ट दाखवली. पल्सारभोवती पोकळी नसते. त्या प्रचंड विजेने पृष्ठभागावरचेच विद्युतभारित कण ओढून बाहेर काढलेले असतात आणि त्यांनी आजूबाजूचा भाग भरून जातो. आणि भरला की तिथला विजेचा जोरच संपतो. शेतातल्या पाण्यासारखं आहे हे. वाफा काठोकाठ भरला की पाणी जागच्या जागी उभं राहतं. धार लागते ती जिथे उतार शिल्लक आहे तिथेच. तसंच, जिथे कण पुरेसे पोचलेले नाहीत, जिथे भरण अपुरं राहिलंय, तिथेच विजेचा उतार शिल्लक राहतो. अशा मोकळ्या पट्टीत सापडलेला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या अगदी लगत पोचतो. त्याला चुंबकाची रेषा सोडता येत नाही, रेषा वाकडी असते, आणि एवढ्या वेगाने वळण घेताना तो ऊर्जा फेकतो. तीच गॅमा किरणं. त्यातला एकेक कण डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या कणाच्या कोट्यवधी पट ताकदीचा.

ही मोकळी पट्टी कुठे असते यावर जवळजवळ तीस-पस्तीस वर्षं दोन तट होते. एक तट म्हणायचा, ध्रुवाच्या अगदी वर, पृष्ठभागालगत. सत्तरच्या दशकापासून हे चित्र होतं. दुसरा म्हणायचा, नाही, लांब बाहेर, शिवेच्या बाजूला. चेंग, हो आणि रुडरमन यांनी १९८६ मध्ये ते सविस्तर मांडलं. गंमत म्हणजे हाच रुडरमन १९७५ मध्ये सदरलँडबरोबर ध्रुवाच्या बाजूने लिहून गेला होता. माणसाने आपलं मत असं बदलावं, हे मला वाचताना फार बरं वाटलं. कारण पुढे सांगतो.

निकाल लावणारी कसोटी अगदी साधी होती. ध्रुवाजवळ चुंबकाचा जोर इतका जबर असतो, की तिथे निघालेला दमदार गॅमा किरण बाहेर पडायच्या आतच गिळला जातो. त्याचं इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशा जोडीत रूपांतर होतं. जितका किरण दमदार तितका तो लवकर गिळला जाणार. तेव्हा किरणं ध्रुवाजवळची असतील, तर ऊर्जा वाढत जाताना त्यांची संख्या एका जागी कड्यासारखी तुटली पाहिजे. लांबची असतील, तर घाटाच्या उतारासारखी हळूहळू कमी झाली पाहिजे. कडा की उतार, एवढंच पाहायचं होतं.

पाहायला जून २००८ मध्ये नासाची फर्मी दुर्बीण आकाशात गेली. वेला नावाचा पल्सार गॅमा किरणांत अतिशय ठळक दिसतो. लोणीच्या गच्चीवरून फेब्रुवारीच्या रात्री दक्षिणेला तोंड करून उभं राहिलं, की अगस्तीच्या डावीकडे थोड्या वरच्या अंगाला त्याची जागा येते. डोळ्यांना तिथे काही दिसत नाही ही गोष्ट वेगळी. फर्मीने त्याची किरणं मोजली आणि उत्तर आलं: उतार. कडा नाही. म्हणजे किरणं ध्रुवालगतची नव्हेत, लांबची.

दुसराही एक पुरावा होता आणि तो मला जास्त आवडतो. वेलाचा रेडिओ ठोका एका फेरीत एकदा येतो. गॅमाचे ठोके दोन येतात, आणि पहिला गॅमा ठोका रेडिओच्या ठोक्यानंतर येतो. एकाच टोकाला एकच बॅटरी असती तर दोन्ही एकाच वेळी लागले असते. म्हणजे दिवे दोन आहेत आणि वेगवेगळ्या जागी आहेत. रेडिओचा खाली, ध्रुवाच्या बाजूला. गॅमाचा लांब, शिवेकडे, आणि तोही टॉर्चसारखा बारीक झोत नव्हे, तर पंख्यासारखा रुंद पसरलेला.

एकदा हे मान्य केलं की जुनी कोडी सुटायला लागतात. मिथुन राशीत सत्तरच्या दशकात एक गॅमा उगम सापडला होता, तिथे दुसरं काहीच दिसेना. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलं गेमिंगा, म्हणजे मिलानच्या बोलीत "तिथे काही नाहीच"! १९९२ मध्ये कळलं की तो पल्सार आहे. आणि २००८ मध्ये फर्मीने सीटीए १ नावाच्या अवशेषात नुसत्या गॅमा किरणांवरून पल्सार शोधून काढला. मिनिटभरात एखाददुसरा कण यायचा, तेवढ्यावर त्याची सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाची लय पकडली. गॅमाचा पंखा रुंद असल्यामुळे तो आपल्यावरून फिरतो, रेडिओचा बारीक झोत बाजूने निघून जातो. माझ्या फिरत्या खुर्चीतल्या दीपगृहात याला जागाच नव्हती.

आणि यात आपल्या जिल्ह्याचाही हात आहे. जुन्नर तालुक्यात खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली महाकाय दुर्बीण, जीएमआरटी, पंचेचाळीस मीटर रुंदीच्या तीस डिश. फर्मीला आकाशात गॅमाचे असे अनेक ठिपके दिसले की जे कशाचे आहेत ते कळेना. मग त्या जागांवर खोडदहून कान लावला गेला, आणि २०१३ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी अशाच एका ठिपक्यात सेकंदाला साडेचारशेहून जास्त वेळा फिरणारा पल्सार सापडल्याचं जाहीर केलं. पुढे आणखीही सापडले. वरून दुर्बिणीने जागा दाखवायची, खालून खोडदने ठोका ऐकायचा. फर्मीच्या २०२३ च्या यादीत गॅमा पल्सार तीनशेच्या जवळ गेलेत. फर्मीच्या आधी हाताच्या बोटांवर मोजता येत होते.

आता कोणी म्हणेल, झालं, कोडं सुटलं, शिववाले जिंकले. तसंही नाही. क्रॅबचे ठोके २०११ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये इतक्या चढ्या ऊर्जेला सापडले, की ते शिवेआतल्या सोप्या हिशोबात बसेनात. २०२३ मध्ये नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी वेलाचे ठोके त्याच्याही कितीतरी वर पकडले. हल्ली कॉम्प्युटरवर अख्खा पल्सार फिरवून पाहतात, आणि त्यातून दिसतं ते असं, की शिवेच्या थोडं बाहेर उलटसुलट दिशांची चुंबकक्षेत्रं एकमेकांना भिडतात, तिथे एक पातळ पडदा तयार होतो, रेषा तुटतात, पुन्हा जुळतात, आणि त्या तुटण्यातून कणांना हिसका बसतो. कदाचित गॅमाचा मोठा भाग तिथलाच असेल. वाद चालू आहे. हानलेला समुद्रसपाटीपासून सव्वाचार किलोमीटर उंचीवर आपली मेस दुर्बीण उभी आहे, एकवीस मीटरचा आरसा, ४ ऑक्टोबर २०२४ ला तिचं उद्घाटन झालं. गॅमा किरण हवेत घुसल्यावर जी निळसर चमक क्षणाच्याही अंशभर उमटते ती टिपायची, हे तिचं काम. या वादात पुढेमागे तिचंही म्हणणं येईल असं मला वाटतं.

एवढं सगळं वाचून झाल्यावर मी दादाला फोन केला. म्हटलं, पोरीला सांगायला पाहिजे, मॉडेलवरची गॅमाची चिठ्ठी चुकीच्या जागी आहे.

दादा म्हणाला, "अरे, बक्षीस मिळालंय, फोटो लागलाय. आता कशाला उकरून काढतोस?"

मी म्हटलं, पण चूक आहे ना.

"गावातल्या पोरांना एवढं पुरे रे. त्यांना कुठं जाऊन सिलिंडर मोजायचाय."

दादावर राग नाही. त्याने पोरीच्या शिक्षणासाठी काय काय केलंय ते मला माहीत आहे. पण हे वाक्य मला लागलं, कारण मी स्वतः तीन वर्षांपूर्वी अगदी हेच मनात धरून त्या शाळेत उभा राहिलो होतो. पुण्यात, माहीतगार लोकांपुढे बोलायचं असतं तर आदल्या रात्री चार गोष्टी तपासल्या असत्या. गावात काय, दीपगृह सांगितलं की झालं. फर्मीचा निकाल माझ्या भाषणाच्या कितीतरी आधीचा, जगजाहीर. मी पाहिलाच नव्हता. पाहायची गरजच वाटली नव्हती.

मला वाटतं मराठीत विज्ञान सांगताना आपली गल्लत इथेच होते. सोपं सांगणं आणि कमी सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जयंत नारळीकर गेल्याला, म्हणजे मे २०२५ ला, फार दिवस झाले नाहीत. आयुकासारखी संस्था उभी करणारा हा माणूस मराठीत पोराटोरांसाठी लिहायचा, तेव्हा वाचणाऱ्याला कमी लेखून लिहितोय असं मला कधी वाटलं नाही. दीपगृह हे वाईट चित्र नाही. रेडिओसाठी ते आजही चालतं. पण "सगळं त्या ध्रुवांतूनच" हे माझं वाक्य सोपं नव्हतं, चूक होतं. आणि त्या चुकीने सगळ्यात चांगला भाग झाकून टाकला होता: दिवा कशावर जळतो, तो कुठे आहे ते माणसांनी कसं शोधलं, आणि शोधूनही अजून भांडण का चालू आहे. पोरांना तयार उत्तर दिलं, त्यामागची कसोटी दिली नाही. कडा की उतार, हे सहावीतल्या पोरालाही कळलं असतं. घाट बघितलेला असतो त्यांनी.

आणि दुसरं. शहाण्या माणसाने आधी एक म्हणावं आणि मग पुरावा पाहून दुसरं म्हणावं, हे पोरांनी पाहायला नको का? आपल्याकडे पोरं मोठ्यांना चुकताना रोज पाहतात. "माझं चुकलं" म्हणताना मात्र क्वचितच.

पुढच्याच शनिवारी लोणीला गेलो. पुतणीला अंगणात बसवून सगळं सांगितलं. आप्पांची जुनी सायकल गोठ्यात पडून होती, डायनमो गंजलेला, पण मागचं चाक उचलून धरून पायडल मारलं तर दिवा क्षीण का होईना लागला. तिने स्वतः हाताने पायडल फिरवून पाहिलं, डायनमो टेकवून आणि न टेकवता. "जड होतंय," म्हणाली. तिथवर तिचा चेहरा उजळलेला होता. मग मी चिठ्ठीचं सांगितलं.

ती गप्प झाली. उठून घरात गेली. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. वहिनीने माझ्याकडे एकदा असं पाहिलं की मला दादाचं ऐकायला हवं होतं असं वाटून गेलं.

रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर आली आणि विचारलं, "काका, मग नंबर परत करायचा का?"

खरं सांगतो, याची तयारी मी केली नव्हती. म्हटलं, नंबर तुझ्या कामाचा होता, चूक माझी होती. तिला ते फारसं पटलं नाही. म्हणाली, "पण चिठ्ठी तर मीच लावली. तपासलं मी पण नाही." यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॉडेल पुन्हा खाली आलं होतं. गॅमाची चिठ्ठी काढलेली होती, पण नवीन जागी लावलेली नव्हती. मी म्हटलं, लाव की शिवेजवळ, एक तारेचं कडं करून. तर म्हणाली, "शिवेच्या आत लावू का बाहेर? तुम्हीच म्हणालात ना वाद चालू आहे." आणि चिठ्ठी कंपासपेटीत ठेवून दिली.

येत्या २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त खोडदची दुर्बीण लोकांसाठी उघडी असते तेव्हा तिला घेऊन जायचं ठरलंय. कोणाला विचारायचे ते प्रश्न तिने वहीत लिहून ठेवलेत, मला दाखवत नाही. आणि शाळेच्या सरांना मी फोन केला, म्हटलं, तीन वर्षांपूर्वीच्या भाषणात एक चूक झाली होती, परत येऊन सांगू का? सर हसले. म्हणाले, या की, पण ती मुलं आता वरच्या वर्गात गेली, काही बारामतीला शिकायला गेली.

त्यांच्यापर्यंत कसं पोचायचं ते मला अजून सुचलेलं नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाचं पोर त्या वर्गात होतं का? असेल तर त्याला एवढं सांगा: फिरत्या खुर्चीवाल्या काकांचं गॅमाच्या बाबतीत चुकलं होतं.